शेजाऱ्यांनी केलेला अंधार

हिराइवा न्हाव्याने त्या वर्षी अरोरा, म्हणजे ध्रुवाकडचा आकाशातला रंगीत उजेड, दाखवायला बंदराच्या आख्ख्या आळीला तीनदा किनाऱ्यावर पळवलं होतं. पहिल्यांदा ढग आले. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा उत्तरेला खरोखरच काहीतरी लाल दिसलं, म्हाताऱ्यांनी हात जोडले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग ती लाली हळूहळू डावीकडे सरकू लागली. गाळ काढणाऱ्या बोटीचा दिवा होता तो. तेव्हापासून शिराउरा गावात कोणी थाप मारली की 'हिराइवाचा अरोरा' म्हणायची पद्धत पडली.

तरी कायानो त्याच्याच दुकानात उभी राहून त्यालाच विचारत होती.

"खरं सांगा हिराइवा-सान. या हिवाळ्यात शक्यता किती?"

खुर्चीत तिची आठ वर्षांची सुझुना मान खाली घालून बसली होती. हिराइवा तिच्या कपाळावरचे केस कातरत होता.

"शक्यता," तो म्हणाला, आणि कात्री हवेत धरून थांबला. या विषयावर त्याला कोणी आपण होऊन विचारायचं म्हणजे सणच. "हे बघा. आधी सूर्यावर भडका उडायला हवा. तो नेमका आपल्या दिशेने सुटायला हवा. पोचेल तेव्हा आपल्याकडे रात्र हवी. चंद्र नको. आणि डिसेंबरात या किनाऱ्यावर ढग नको, म्हणजे मांजराने मासा नको म्हणण्यासारखंच. इतकं सगळं जुळलं तरी आपण पडलो दक्षिणेला. खरी मिरवणूक पार तिकडे ध्रुवाजवळ. आपल्याला भिंतीवरून नुसती झेंड्यांची टोकं दिसणार. तीही लाल, अंधुक."

"म्हणजे किती?"

"शंभरात पाच म्हणा."

"मागच्या वेळी तुम्ही ऐंशी म्हणाला होतात," बाकावरून तोमिए आजी म्हणाल्या. त्या कायानोच्या सासूबाई. सुझुना झाल्यापासून घरात सगळेच त्यांना आजी म्हणत, कायानोसुद्धा. "ऐंशीत बोट निघाली. पाचात काय निघेल, देव जाणे."

"आजी, त्या बोटीचं नाव काढू नका. गिऱ्हाईक तुटतं."

"केस वाढतात तोवर तुटत नाही. हात चालवा."

सुझुना खुदकन हसली. कायानोला हसू आलं नाही. हिराइवाने मोजलेल्या अटींत तिची एक अट नव्हती. ती तिने कुणाला सांगितलीही नव्हती. भडका उडाला, रात्र मिळाली, ढग हटले, तरी शेवटी सुझुनाला दिसायला हवं.

*

आसाहिकावा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यात सगळं नीट समजावलं होतं. डोळ्यातल्या पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. या आजारात त्या आधी मरतात. उजेडातल्या नंतर, हळूहळू, कडेकडून. दिवसाचं दिसणं बरीच वर्षं टिकेल.

"आणि रात्रीचं? काही उरलंय का?" कायानोने विचारलं होतं.

डॉक्टरांनी संगणकावरच्या वेड्यावाकड्या रेघेकडे पाहिलं. "थोडं असेल," ते म्हणाले.

त्या 'थोडं असेल' वर कायानो तेव्हापासून जगत होती.

ती शिकलेली होती. सप्पोरोला कॉलेज करून आली होती, शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होती. मुलांच्या ताटात काय उरलं यावरून कुणाच्या घरी काय चाललंय हे तिला कळायचं. पण मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं तिचं मन घरी आलं की सुटायचं. ती मुद्दाम मधल्या खोलीतला दिवा मंद ठेवी आणि सुझुनाचा पांढरा हातमोजा दाराशी टाकून बघे, पोरगी तो न चाचपता उचलते का. उचलला की रात्रभर बरं वाटे. नाही उचलला तर मोज्याचा रंगच मळलाय, असं स्वतःला सांगे.

आकाश मोकळं असलं की दोघी मागच्या अंगणात उभ्या राहत.

"दिसतात का गं चांदण्या?"

"दिसतात."

"खूप?"

"खूप."

कायानो विचारायची ते प्रश्नच असे होते की त्यांत उत्तर आधीच घालून दिलेलं असे. हे तिला कळत होतं. पण वेगळ्या तऱ्हेने विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

नवरा योईची मालवाहू ट्रक घेऊन पलीकडच्या होन्शू बेटावर जायचा, आठवड्याने उगवायचा. तो फोनवर म्हणाला, "अरोरासाठी एवढा जीव का काढतेस? टीव्हीवर दाखवतात."

"सूर्याचा जोर यंदा आणि पुढच्या वर्षी. मग ओसरतो. पुन्हा चढेपर्यंत ती एकोणीस वर्षांची होईल."

"बरं मग?"

मग काय ते दोघांनाही माहीत होतं. रात्रीच्या आकाशातलं एक तरी काही पोरीच्या डोळ्यांत कायमचं जाऊन बसावं, एवढंच तिचं मागणं होतं. पुढे कधी कुणी 'अरोरा' म्हटलं तर तिने 'मी पाहिलाय' म्हणावं. बाकी सगळं जाणारच होतं. हे एक तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

*

डिसेंबरात तिथे चारलाच अंधार पडतो. त्या संध्याकाळी आजी ओट्याशी बसून हेरिंगचं लोणचं घालत होत्या. कोबी, मुळा, वाळवलेल्या माशाचे तुकडे, आंबवण्यासाठी तांदळावर वाढवलेली बुरशी, मीठ, असे थरावर थर. फोन वाजला. कायानोने उचलला.

"या," हिराइवा म्हणाला. धापा टाकत होता. "आत्ताच्या आत्ता. सूर्याचा तडाखा पोचलाय, उत्तरेला आकाश धुतल्यासारखं आहे. पश्चिमेकडून ढग येतायत, तासभर मिळेल. कायानो-सान, बोट नाही हां. बोटी सगळ्या आत आहेत, मी जाऊन बघून आलो."

कायानोने सुझुनाला दोन मोजे, दोन टोप्या चढवल्या. घाईत बटण लागेना.

"आकाश बघून पोट भरतं का?" आजी लोणच्यावरून मान न उचलता म्हणाल्या. "पोरीला सर्दी झाली तर रात्रभर जागायचं मलाच."

"आजी, आज नको. आज काही बोलू नका."

"मी काय बोलतेय? न्हावी बोलवतो आणि सून पळते. सुझु, मफलर नाकावरून घे."

किनारा घरांच्या मागेच होता. जाळी ठेवायच्या खोपटाजवळ हिराइवाने कॅमेऱ्याची तिपाई रोवली होती. खाली घट्ट बर्फ, समोर काळा समुद्र, आणि पाठीशी आळीच्या खिडक्या. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या दारातला मोठा दिवा, दुकानाबाहेरचं पेयांचं यंत्र, रस्त्यावरचे तीन खांब, सगळ्याचा उजेड बर्फावरून उसळून आभाळात जात होता.

"बघा, हा मेला उजेड," हिराइवा कुरकुरला. "कॅमेऱ्यात काहीतरी आहे. पण या उजेडात आपल्या डोळ्यांना काय दिसणार कपाळ?"

"काहीतरी म्हणजे?"

त्याने पडदा दाखवला. समुद्राच्या रेघेवर लाल डाग होता, भिंतीवर पान खाऊन थुंकल्यासारखा, कडा विरलेला. कायानोने पडद्यावरून मान उचलून उत्तरेकडे पाहिलं. काळं. पुन्हा पडदा, लाल. पुन्हा समुद्र, काळं.

"डोळे अंधाराला सरावू द्या. अर्धा तास लागतो," हिराइवा म्हणाला. "मागे वळून उजेडाकडे बघू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून."

सुझुना मात्र पुन्हा पुन्हा मागे वळत होती.

"समोर बघ ना बाळा."

"बघते."

ती समोर बघायची, आणि थोड्या वेळाने तिची मान आपोआप खिडक्यांकडे वळायची. थंडीत माणूस शेगडीकडे सरकतं तशी. कायानोने तिचे खांदे धरून तिला समुद्राकडे वळवलं आणि तसंच धरून ठेवलं.

मग मागचा उजेड कमी झाला.

आधी एक खिडकी गेली. मग शेजारची. कायानोला वाटलं वीज गेली, पण वीज अशी एकेक करून जात नाही. कोपऱ्यावरचं घर गेलं, वरचा मजला गेला. कुणीतरी कुणाला तरी हाक मारून सांगत होतं. पेयांच्या यंत्राचा घुर्र आवाज बंद झाला आणि त्याचा निळा चौकोन विझला. शेवटी सहकारी संस्थेचा मोठा दिवा गेला. तो विझलेला कायानोने या गावात सून म्हणून आल्यापासून पाहिला नव्हता.

"कोणी सांगितलं यांना?" हिराइवा पुटपुटला. "मी दहा वर्षं भीक मागतोय, माझ्यासाठी कुणी देव्हाऱ्यातला दिवा विझवला नाही."

रस्त्याकडून बर्फावर बुटांचे आवाज आले. सगळ्यांत पुढे आजी होत्या. अंगावर तसाच लोणच्याचा एप्रन, हाताला मिठाचा वास. त्या दारोदार गेल्या होत्या. ज्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हत्या त्यांच्याही दारात. माझ्या सुझुला तेवढा वेळ अंधार द्या, म्हणाल्या होत्या. रस्त्याचे खांब बंद करायला वस्तीच्या प्रमुखाला जेवणावरून उठवलं होतं.

"आता तरी दिसतंय का?" आजी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "नाही दिसलं तर न्हाव्याचे केस मीच कापणार."

मागे दहाबारा माणसं हसली, आणि हळू आवाजात बोलत, देवळात असल्यासारखी उभी राहिली.

कायानोच्या मुठीत सुझुनाचा हात होता. तो हात एकदम ताठ झाला होता. मोज्याच्या आतून बोटं तिच्या बोटांत रुतली होती.

"आई," सुझुना अगदी हळू म्हणाली, "सगळे कुठे गेले?"

"कोण सगळे?"

"घरं."

अंधार झाल्यावर पोरीला अधिक दिसेल, असं कायानोने का धरलं होतं? इतके महिने तिने उजेडाला शत्रू मानलं होतं. हे खांब, ही यंत्रं, ही खिडक्यांची रांग नसती तर पोरीला आकाश दिसलं असतं, असं तिचं गणित होतं. आणि पोरगी त्या खिडक्यांना धरून उभी होती, एवढा वेळ, भिंतीला धरून उभं राहावं तशी. आता भिंतच काढून घेतली होती. तीही प्रेमाने. आख्ख्या आळीने मिळून.

डॉक्टरांचं 'थोडं असेल' म्हणजे किती, हे कायानोला त्या एका शब्दात कळलं.

"आला, आला," हिराइवा कुजबुजला. कॅमेऱ्याचा पडदा त्याने कोटाखाली झाकून धरला होता. "वर चढतोय. उभ्या रेघा आल्यात. समुद्राच्या वर बघा, हात लांब करून मोजलं तर दोन मुठी वर."

लोक पुढे सरकले. कुणीतरी "वा" म्हणालं. कुणीतरी म्हणालं, "हो, हो, तिथे जरा तांबूस आहे." कायानोने डोळे ताणले. पाणी आलं. तिथे कदाचित काळ्याहून थोडं कमी काळं होतं. कदाचित तेही नव्हतं.

"सुझु-च्यान, दिसला का गं?" मागून मासेवाल्या बाईंनी विचारलं. आवाजात इतकी माया होती की कायानोला कान झाकून घ्यावेसे वाटले.

कायानोने तोंड उघडलं. पण सुझुना आधी बोलली.

"दिसला," ती मोठ्याने, शाळेत उभं राहून वाचतात तशा आवाजात म्हणाली. "खूप सुंदर आहे. माझ्यासाठी सगळ्यांनी जेवताना उठून त्रास घेतलात. आभारी आहे."

आणि तिने कमरेत वाकून नमस्कार केला.

केला तो जाळ्यांच्या खोपटाकडे तोंड करून. माणसं तिच्या डावीकडे होती. बर्फाच्या उजेडात सगळ्यांना ते दिसत होतं, फक्त तिला नाही. ती वाकलेलीच राहिली, लहान मुलं राहतात तशी, समोरून कुणीतरी काही म्हणेपर्यंत.

कुणी हललं नाही. मग आजी निघाल्या. बर्फावर पाय न वाजवता चालायचं म्हणजे त्या वयात सोपं नाही, पण त्या तशा गेल्या, आणि खोपट आणि सुझुना यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग मासेवाल्या बाई गेल्या, वस्तीचे प्रमुख गेले, एकेक करून सगळे गेले. जिथे नमस्कार केला होता तिथे जाऊन माणसं उभी राहिली, आणि सगळी तिच्यासमोर वाकली.

"त्यात काय एवढं," आजी म्हणाल्या. आता आवाज कोरडा ठेवायला त्यांना जड जात होतं. "दिवे काय, रोजच लावतो."

सुझुना सरळ झाली. आवाज समोरून आला म्हणून तिचा चेहरा सैल पडला. आपण बरोबर ठिकाणी नमस्कार केला असं तिला वाटलं.

हिराइवा तेवढा कॅमेऱ्याशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

कायानो गुडघ्यांवर बसली. पोरीच्या मफलरची गाठ सारखी करण्याचं निमित्त केलं.

सुझुनाने तिच्या कानाशी तोंड नेलं. "आई, रंग कसा आहे ते सांगून ठेव. उद्या शाळेत विचारतील."

लाल, असं म्हणायचं होतं. किरमिजी, पिकलेल्या पर्सिमन फळासारखा, काहीही. चांदण्यांसारखंच हेही घालून द्यायचं होतं तिच्या तोंडात. खूप? खूप. कायानोला ते जमेना.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "मलासुद्धा दिसत नाहीये."

"तुलासुद्धा?"

"नाही दिसत. कॅमेऱ्याला दिसतोय. मला नुसतं काळं दिसतंय."

सुझुनाच्या डोळ्यांत चांदण्यांचा उजेड होता, कायानोला तो स्पष्ट दिसत होता, दोन्ही बाहुल्यांत बारीक ठिपके. आत काही पोचत नव्हतं.

"तू रडू नको," सुझुना म्हणाली. तिने ते कसं ओळखलं कोण जाणे. तिने मोजा काढून आईचा गाल चाचपला, आणि उगाचच म्हणाली, "अर्धा तास लागतो ना? अजून झाला नसेल."

पश्चिमेकडच्या चांदण्या एकेक करून पुसल्या जात होत्या. ढग येत होते. वाऱ्याला बर्फाचा वास होता. मागे कुणाच्या तरी घरात लहान मूल अंधाराला घाबरून रडायला लागलं, आणि त्याची आई त्याला गप्प करत होती, दिवा न लावता.

"लावायचे का आता दिवे?" आजींनी विचारलं. "सुझु, तू सांग. झालं ना पाहून?"

सगळे थांबले. दहाबारा माणसं एका आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघत होती. कायानोच्या मुठीत ती बोटं पुन्हा रुतली होती. हो म्हण, ती मनात म्हणाली. हो म्हण बाळा, लागू दे सगळे दिवे, यंत्र, खांब, सगळं.

"अजून थोडा वेळ राहू द्या ना, आजी," सुझुना म्हणाली. "त्रास होतोय ते कळतंय मला. पण आईने अजून पाहिला नाहीये."

कुणी दिवा लावला नाही.

कायानो उठून उभी राहिली आणि उत्तरेकडे वळली. पापणी न हलवता ती समुद्राच्या त्या रेघेवर, दोन मुठी वर, बघत राहिली. इतके महिने तिने पोरीसाठी मागितलं होतं, आता पहिल्यांदाच स्वतःसाठी मागत होती. एक तांबूस धागा. एवढासा. दिसला असं खरं म्हणता येईल, आणि पोरीला तिच्या खिडक्या परत देता येतील, इतकाच. ढग चांदण्या खात उत्तरेकडे सरकत होता, आणि तिच्या हातातला लहान हात तिला धीर देण्यासाठी मधूनमधून तिची बोटं दाबत होता.